लगाम हाती येण्याआधी

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकायला आलेल्या मुलाच्या हाती महिनोन्महिने लगाम येत नाही. खोगिराच्या रिकिबीही काढून ठेवलेल्या असतात. घोडा वयस्क, शांत, सगळे कोळून प्यायलेला. त्याला बांधलेली लांब दोरी, म्हणजे लंज, जमिनीवर उभ्या असलेल्या गुरूच्या हातात असते आणि गुरूला मध्ये ठेवून घोडा गोल फिरत राहतो. वर बसलेल्याने फक्त बसायचे. हे ‘फक्त’ किती अवघड असते, ते घोडा कदम चाल सोडून दुडकीवर आला की समजते.

या शाळेचा पहिला लिखित उल्लेख 1572 सालचा आहे. शाळा ऑस्ट्रियाची, पण घोड्यांचे मूळ रक्त स्पेनचे म्हणून नाव स्पॅनिश. सम्राट सहावा चार्ल्स याने बांधून घेतलेले, 1735 मध्ये पूर्ण झालेले तिथले दालन राजवाड्याच्या दरबारासारखे आहे. झुंबरे, खांबांच्या रांगा, पांढऱ्या भिंती. स्वार आत येताना चार्ल्सच्या चित्रापुढे टोपी काढतात. पर्यटक पाहतात ते पांढऱ्याशुभ्र लिपिझ्झानर घोड्यांचे नाचणे, मागच्या पायांवर उभे राहणे, हवेत झेप घेऊन लाथ झाडणे. पण या उड्यांच्या वेळी स्वाराचे पाय रिकिबीत नसतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पहिल्या दिवशी काढलेली रिकीब सर्वांत अवघड कसरतीच्या वेळीही काढलेलीच राहते. इथे पूर्ण स्वार व्हायला साधारण आठ ते बारा वर्षे लागतात. नव्या स्वाराला जुना घोडा शिकवतो आणि नव्या घोड्याला जुना स्वार, असा तिथला शिरस्ता आहे. मुलींना मात्र या शिरस्त्यात शिरायला 2008 साल उजाडावे लागले.

लगाम काढून घेण्यामागे शिस्तीचा बडगा नाही, साधे शरीरशास्त्र आहे. तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरतो. घोड्यावर हाताला लागतो लगाम, आणि त्याचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडात असते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याचा हिरडीचा पट्टा मोकळा असतो. लोखंडी कडी बसते ती नेमकी तिथे, जिथे हाडावर जेमतेम पातळ कातडी असते. नवशिक्याचा प्रत्येक हिसका तिथे पोचतो. काही महिन्यांत घोडा तोंड निबर करून घेतो किंवा मान वर फेकायला शिकतो, आणि मग ‘घोडा अडेल आहे’ असे आपण म्हणतो.

दुसरा आधार म्हणजे मांड्यांची पकड. घट्ट धरा म्हणजे पडणार नाही, असे कुणीतरी हमखास सांगते. प्रत्यक्षात उलट होते. मुठीत आवळलेला ओला साबण जसा निसटतो, तसा गुडघे आवळणारा स्वार खोगिरातून वर उचलला जातो. मांडीचे स्नायू ताठले की कंबरेचा सांधा अडकतो, आणि घोड्याच्या पाठीची हालचाल जिरवायची ती याच सांध्याने.

ही हालचाल समजून घेण्याजोगी आहे. कदम चालीत चार ठोके असतात, चारही पाय एकामागून एक पडतात. मागचा डावा पाय पुढे येताना घोड्याचे पोट उजवीकडे झुलते आणि डावीकडची पाठ किंचित खाली जाते. स्वाराच्या बुडातली बसायची दोन हाडे मोकळी असतील तर डावे हाडही त्याबरोबर खाली उतरते. मुरलेला शिक्षक डोळे मिटायला लावून विचारतो, आत्ता मागचा कुठला पाय पुढे आला? उत्तर बुडाने द्यायचे असते. दुडकीत ठोके दोनच, कारण तिरपे समोरासमोरचे पाय जोडीने पडतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो. स्वार उडतो तो इथेच. पाठीचा खालचा भाग आणि ओटीपोट त्या उसळीबरोबर सैल राहिले तर खोगीर आणि स्वार यांच्यात फट पडत नाही. तीन ठोक्यांची पुढची चाल नवशिक्याला भीतिदायक वाटते, पण बसायला ती दुडकीपेक्षा सोपी असते.

हे सगळे जमले की बैठक नुसता आधार राहत नाही, ती बोलू लागते. वळायचे असेल तर त्या बाजूच्या हाडावर किंचित भार द्यायचा. पाठीवरचे वजन सरकले की घोडा स्वतःचा तोल सावरायला त्याच्या खाली पाऊल टाकतो. थांबायचे असेल तर कंबरेने घोड्याच्या चालीला साथ देणे थांबवायचे आणि श्वास सोडायचा. शिकवलेला घोडा एवढ्यावर उभा राहतो. यात जादू नाही. अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढीच कातडी थरथरवणारा हा प्राणी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवण्यासाठी गाजला होता. खूर आपटून तो उत्तर द्यायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलायचे आणि हान्स त्यावर थांबायचा. लोकांनी ही घोड्याची फजिती मानली. मला ती माणसाची वाटते. आपण काय बोलून जातो ते आपल्याला ठाऊक नव्हते, घोड्याला होते.

रिकीब तशी घोडेस्वारीच्या इतिहासात उशिराच आली. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला, तेव्हा ग्रीकांकडे रिकीब नव्हती आणि आजच्यासारखे खोगीरही नव्हते. त्याचा सल्ला असा की खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकवून उभे राहिल्यासारखे बसावे आणि गुडघ्याखालचा पाय सैल सोडावा. आजचा शिक्षकही कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत ठेवायला सांगतो, म्हणजे तेच सांगतो. पायाच्या अंगठ्यापुरत्या रिकिबीचे जगातले सर्वांत जुने मानले जाणारे पुरावे भारतातले आहेत. सांचीच्या शिल्पांत ती दिसते, आणि लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्याचेही नाव या संदर्भात घेतले जाते. अनवाणी स्वाराला अंगठा अडकवायला एक फास पुरे. दोन्ही बाजूंची, पूर्ण पाऊल मावणारी रिकीब चिनी थडग्यांत सापडते ती इसवी सनाच्या चौथ्या शतकात. रिकिबीने उभे राहून तलवार चालवता आली, लांबचा प्रवास सुसह्य झाला. तिचे महत्त्व मला कमी करायचे नाही. पण तिच्याआधी हजार वर्षे तरी माणसे घोड्यावरून लढत होती, ती मांडेच्या जोरावर.

आपल्याकडचा बारगीर सरकारी घोड्यावर लढे आणि शिलेदार स्वतःच्या. दोघांचाही एक हात भाल्यात किंवा तलवारीत गुंतलेला असायचा. लढाईच्या धामधुमीत घोडा वळवायला बाकी काय उरते, याचा अंदाज ज्याने एका हाताने लगाम धरून पाहिला आहे त्याला येईल.

बैठकीची खरी परीक्षा झाली ती 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, आणि परीक्षार्थी होती लिस हार्टेल नावाची डॅनिश बाई. 1944 मध्ये, तेवीस वर्षांची आणि गरोदर असताना तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली. आईच्या अंगात हळूहळू काही ताकद परतली, पण गुडघ्याखालचे पाय कायमचे निकामी झाले आणि हातही पूर्ववत झाले नाहीत. डॉक्टर कुबड्यांनी चालण्याच्या गोष्टी करत होते, ती घोड्यावर बसायचे म्हणत होती. तिला उचलून बसवावे लागे. ड्रेसाज या प्रकारात घोड्याला ठरलेल्या हालचाली नेमक्या जागी, नेमक्या लयीत करायला लावायच्या असतात, आणि पोटरीचा दाब हे त्यातले रोजचे हत्यार. तिच्याकडे ते नव्हतेच. ज्युबिली नावाच्या घोडीला तिने पाठ, कंबर आणि वजनाचे सरकणे एवढ्यावर बोलायला शिकवले.

ऑलिंपिकमधले ड्रेसाज तोवर लष्करी अधिकाऱ्यांचे राखीव कुरण होते. 1948 मध्ये स्वीडनने सांघिक सुवर्ण जिंकले आणि नंतर गमावले, कारण त्यांच्यातला एक स्वार खरा अधिकारी नसल्याचे उघड झाले. नियम बदलले आणि 1952 मध्ये साधे सैनिक, नागरिक आणि स्त्रिया पहिल्यांदा उतरल्या. लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवले. सुवर्णविजेत्या स्वीडनच्या आंरी सां सीरने तिला आधार देऊन पदकमंचावर चढवले. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य जिंकले. ती स्पर्धा मात्र मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाली, कारण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे परदेशी घोडे तिथे नेता येत नव्हते. अपंगांसाठीच्या अश्वोपचाराला युरोपात जोर आला त्यात तिच्या या पदकांचा वाटा मोठा. चालणाऱ्या घोड्याची पाठ स्वाराची कंबर जवळपास तशीच हलवते, जशी ती चालणाऱ्या माणसाची हलते. ज्याला चालता येत नाही त्याच्या शरीराला ही लय घोड्याकडून मिळते, असे त्या उपचाराचे सूत्र.

आपल्याकडे घोड्याची पहिली ओळख माथेरान-महाबळेश्वरला होते. तिथेही लगाम आपल्या हाती नसतो, तो घोडेवाल्याच्या हाती असतो. पण आपण दोन्ही हातांनी खोगिराला चिकटलेले आणि फोटोकडे तोंड केलेले, त्यामुळे शिकत काहीच नाही. शहरांतल्या राइडिंग क्लबांतही पहिल्याच दिवशी लगाम हाती देऊन दहाजणांना रांगेत फिरवतात तेव्हा तेच होते. पालकांना मूल ‘चालवताना’ दिसते आणि फी वसूल झाल्यासारखी वाटते. लंजवर एका शिक्षकाला एकच विद्यार्थी मिळतो, म्हणून हा धडा महाग. त्यात गोल फिरणे घोड्याच्या सांध्यांना जड, म्हणून वर्तुळ ऐसपैस हवे आणि धडा अर्ध्या तासाच्या आत संपायला हवा. दुडकीची ठाम, एकसारखी लय असणारा घोडाही हवा, आणि असा घोडा सहसा कुणी विकायला काढत नाही.

हांगझोऊच्या आशियाई खेळांत 2023 मध्ये भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीतले आपले त्याआधीचे सुवर्ण 1982 च्या दिल्ली आशियाडमधले, म्हणजे मध्ये 41 वर्षे गेली. चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्यांची तयारी झाली ती युरोपात. तिथे घोडे आणि गुरू दोन्ही मिळतात, हे त्याचे मोठे कारण.

मुलाला क्लासला घालण्याआधी तिथे जाऊन नवशिक्याचा एक धडा उभ्याने पाहावा. डोक्यावर हेल्मेट असणे ही पहिली अट. मग दोन प्रश्न विचारावेत. लंजवर किती दिवस ठेवता? आणि रिकिबीशिवाय दुडकी कधी करून घेता? पहिल्या धड्यांत खोगिराच्या पुढच्या काठाला किंवा घोड्याच्या गळ्यात बांधलेल्या पट्ट्याला बोट अडकवू दिले तर हरकत नाही, फक्त ते लगामाला नको. पुढे एक हात सुटतो, मग दुसरा. हात आडवे पसरून, खांदे फिरवून, वाकून घोड्याच्या मानेला हात लावून परत बसायचे. मोठ्याने आकडे म्हणायला सांगणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, श्वास रोखला की कंबर ताठते, आणि आकडे म्हणत असताना श्वास रोखता येत नाही.