मेस आधी, शिष्यवृत्ती मागाहून

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडने सातपूरकडे निघालं की झेरॉक्सची दुकानं लागतात. प्रवेशाचा हंगाम सरत आला की त्यांच्या काचेवर ‘महाडीबीटीचे फॉर्म भरून मिळतील’ असा कागद चिकटतो. महाडीबीटी म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. त्यातल्या एका दुकानात मी सध्या वरचेवर जाऊन बसतो. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळी पोरं ताई म्हणतात.

सुरगाणा तालुक्यातला एक मुलगा समोर बसलाय, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा. अनुसूचित जमातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती भरायचीय. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावीचं गुणपत्रक, प्रवेशाचं अलॉटमेंट लेटर असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलंय. ताई पहिल्यांदा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघतात. गेल्या ३१ मार्चला संपलेली असेल तर पुन्हा तलाठ्याचा अहवाल, पुन्हा सेतू केंद्र. याचा दाखला चालू आहे. पण त्याने आणलेला मोबाईलवरचा फोटो मात्र चालणार नाही. एक कोपरा कापलाय, वर हाताची सावली पडलीय. ताई मूळ कागद स्कॅनरवर ठेवतात. फाईल २५६ केबीच्या आत बसली पाहिजे, म्हणून लहान करतात, मग मोठी करून आकडे वाचता येतात का ते बघतात. पुन्हा थोडी वाढवतात.

“आकडा पुसट दिसला की कॉलेजचे क्लार्क फॉर्म परत पाठवतात,” त्या सांगतात. “तुला मेसेज येईल, तू बघणार नाहीस, आणि तारीख निघून जाईल. दर दोन दिवसांनी लॉगिन करून बघायचं, कळलं का?”

मग येतो खरा अडथळा. पैसे जातात ते आधारला जोडलेल्या खात्यात. मुलाच्या हातात नाशिकच्या बँकेचं नवंकोरं पासबुक. ताई आधारच्या साईटवर तपासायला घेतात, तर ओटीपी गेला वडिलांच्या मोबाईलवर. वडील निंदणीला शेतात, आणि त्या पाड्यावर रेंज मिळायला टेकाड चढावं लागतं. पहिला ओटीपी वाया जातो. दुसराही. बऱ्याच वेळाने फोन लागतो, वडील एकेक आकडा सावकाश सांगतात. पडद्यावर नाव येतं भलत्याच बँकेचं. आश्रमशाळेत असताना काढलेलं खातं, ज्याचं पासबुक कुठे आहे हे घरात कोणालाच आठवत नाही.

असे फॉर्म भरताना पाहिले की शिष्यवृत्तीच्या जाहिराती अपुऱ्या वाटू लागतात. योजना कागदावर खरंच भरपूर आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार. दोन्हींत नाशिकसारख्या विभागीय शहरासाठी वर्षाला ५१ हजार धरलेत: भोजनाला २८ हजार, निवासाला १५ हजार, निर्वाहाला ८ हजार. सरकारी आयटीआयच्या मुलांचं महिन्याचं विद्यावेतन वर्षानुवर्षं ४० रुपये होतं, ते २०२३ मध्ये ५०० केलं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली, आधी ती निम्मी होती. ही मोठीच गोष्ट आहे, आणि मी ती मनापासून मोठी मानतो.

पण भोजनाचे २८ हजार दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,८०० होतात, आणि मेसवाला ते पहिल्या तारखेला मागतो. खोलीचं डिपॉझिट तर सामान ठेवायच्या आधी. शिष्यवृत्तीचा हप्ता येतो तो कॉलेजचं लॉगिन, प्राचार्यांचं लॉगिन, मग आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय असा प्रवास करून. तोवरचे पैसे घर घालतं. सुरगाणा-पेठची कितीतरी कुटुंबं भात निघाल्यावर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. मुलाच्या खोलीसाठी त्या कामाची उचल आधीच घेतली जाते. म्हणजे पुढच्या काही महिन्यांची मजुरी शिष्यवृत्तीच्या आधीच खर्च झालेली असते. माझा आक्षेप रकमेपेक्षा या उशिराला आहे.

याच शहरात हा क्रम एकेकाळी उलटा होता. १९१४ साली इथे मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला तो उदाजी मराठा बोर्डिंगच्या आधाराने. १९२० साली त्या वसतिगृहाच्या इमारतीची पायाभरणी करायला राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले होते. कोल्हापुरात त्यांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी करायला घेतली होती. खेड्यातल्या पोराची आधी जेवणाची आणि अंथरुणाची सोय लावायची, मग शाळेचं बघायचं. आज फीच्या योजनेला शाहू महाराजांचंच नाव आहे. त्यांच्या कामातला हा क्रमही उचलायला हवा होता. प्रवेश पक्का झाला त्याच आठवड्यात निदान पहिल्या तीन महिन्यांचं भोजन आणि भाडं खात्यात पडावं, कागद नंतर तपासावेत.

ताईंकडे आजच्यापुरता उपाय आहे. “जुन्या बँकेच्या मागे लागू नको. पोस्टात जा, पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढ. अंगठा देऊन होतं. आधार याच खात्याला जोडा, असं स्पष्ट सांग.” फॉर्म सेव्ह होतो, सबमिट नाही. मुलगा घड्याळ बघतो. पोस्टात आज गेला तर दुपारचं प्रॅक्टिकल बुडणार, आणि शिष्यवृत्तीला हजेरीची अट आहे. “उद्या सकाळी पोस्ट उघडताच जातो,” तो म्हणतो. ताई कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला गोल करतात आणि मागच्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला हातात घेतात.