ट्री-व्ह्यू: रिकामा नोड आणि न भरलेला नोड

आजचा विषय छोटा आहे, पण फसवा: विंडोज फॉर्म्सच्या ट्री-व्ह्यूमध्ये नोड उघडताना येणारे इव्हेंट.

समजा, नेटवर्क ड्राइव्हवरची फोल्डर्स दाखवायची आहेत. सगळं झाड सुरुवातीलाच भरलं तर ॲप उघडायलाच वेळ लागेल. म्हणून लेझी लोडिंग, म्हणजे युजर नोड उघडेल तेव्हाच आतली फोल्डर्स आणायची. पण चाइल्ड नसलेल्या नोडपुढे अधिकचं चिन्हच येत नाही. त्यासाठी प्रत्येकाखाली एक डमी नोड ठेवतात. इथपर्यंत सोपं आहे.

आता इव्हेंट दोन. बिफोरएक्स्पांड उघडण्याआधी येतो. त्यात ई डॉट कॅन्सल ट्रू केलं तर नोड उघडतच नाही. आफ्टरएक्स्पांड उघडून झाल्यावर येतो, तिथे थांबवायची सोय नाही. म्हणून भरायचं काम पहिल्यात करायचं.

पण डेटा यायला वेळ लागतो. यूआय थ्रेडवरच वाट बघितली तर विंडो गोठते. म्हणून आपण हँडलर असिंक करतो, अवेट लावतो. इथेच गोची आहे! काम बाकी असेल तर अवेटपाशीच हँडलर परततो आणि कंट्रोल नोड उघडून मोकळा होतो. नंतर एरर आली म्हणून कॅन्सल ट्रू केलं, तर ते वरातीमागून घोडं.

त्यात एरर गिळून डमी काढून टाकला, की नोड रिकामा दिसतो. परवानगी नाही, नेटवर्क तुटलं, की फोल्डर खरंच रिकामं, हे युजरला कळणार कसं? त्याला वाटतं, फाइली उडाल्या.

म्हणून नोडच्या टॅगमध्ये अवस्था ठेवा: न भरलेला, भरतोय, भरलेला, फसलेला.

बिफोरएक्स्पांडमध्ये नोड 'न भरलेला' किंवा 'फसलेला' असेल तरच लोड सुरू करा, आणि अवेटच्या आधी 'भरतोय' लिहा. म्हणजे युजरने मध्येच मिटवून पुन्हा उघडलं तरी दोनदा भरणार नाही. डमीवर 'लोड होत आहे' दिसू दे. डेटा आला की आधी खरे नोड टाका, मग डमी काढा. उलट केलं तर नोड मिटू शकतो. एरर आली तर डमीवर कारण लिहा आणि 'फसलेला' नोंदवा, म्हणजे मिटवून उघडलं की पुन्हा प्रयत्न होईल.

थोडक्यात, 'काही नाही' आणि 'माहीत नाही' यात फरक आहे. तो स्क्रीनवर दिसलाच पाहिजे. भेटू पुढच्या भागात!