वाट सांगेल तेवढंच सामान

१४ जून १८९७ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिझूला छावणीतून वीस सैनिक सायकलींवर निघाले. पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटचे हे कृष्णवर्णीय जवान होते आणि त्यांचे प्रमुख होते लेफ्टनंट जेम्स मॉस. घोड्याचं काम सायकल करू शकते का, हे सैन्याला पाहायचं होतं. चिखल, वाळू आणि क्षारयुक्त पाण्याचे प्रदेश ओलांडत ४१ दिवसांत सुमारे १,९०० मैलांचं अंतर कापून ही तुकडी सेंट लुईसला पोचली. रिकामी सायकल ३२ पौंडांची होती आणि सामानासकट तिचं वजन ५९ पौंडांच्या आसपास भरत होतं.

हे सामान कसं बांधलं होतं ते पाहण्यासारखं आहे. घोंगडी आणि तंबूची गुंडाळी हँडलवर होती, तर शिधा फ्रेमच्या पोकळीत बसवलेल्या पेटीत होता. आदल्या वर्षी यलोस्टोनपर्यंत केलेल्या सफरीचा अनुभव मॉस यांच्या गाठीशी होता. त्यामुळे या वेळच्या सायकलींना पोलादी रिम होत्या आणि चेनला चिखलापासून वाचवणारं आवरण होतं. तुकडीत सायकल कारखान्यात काम केलेला जॉन फिंडली नावाचा जवानही होता. म्हणजे सामानाची निवड रस्त्याने शिकवलेल्या धड्यांवरून झाली होती. लांबच्या सायकल प्रवासासाठी आजही याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

त्याच मिझूला शहराशी ‘अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ या संस्थेचं नाव जोडलेलं आहे. या संस्थेने १९९०च्या दशकात रॉकी पर्वतरांगेच्या कण्यावरून जाणारा ‘ग्रेट डिव्हाइड’ हा कच्च्या रस्त्यांचा सायकलमार्ग आखला. दर जूनमध्ये कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत ‘टूर डिव्हाइड’ ही सुमारे ४,४०० किलोमीटरची शर्यत याच वाटेने होते. बरोबर मदतीची गाडी नसते. वाटेतल्या दुकानातून काहीही विकत घ्यावं, कारण ते सर्वांना सारखंच खुलं असतं; पण मित्राने मुद्दाम आणून दिलेली ट्यूब चालत नाही. २०१६ साली ब्रिटनच्या माइक हॉल यांनी हे अंतर चौदा दिवसांच्या आत पूर्ण केलं.

वायोमिंगमध्ये या वाटेवर ग्रेट डिव्हाइड बेसिन लागतं. अटलांटिक सिटी या चिमुकल्या वस्तीपासून रॉलिन्सपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपास दुकान नाही आणि पाणीही क्वचितच. अशा टप्प्याकडे पाहिलं की सामानाचे दोन गट आपोआप पडतात: बिघडलं तर त्रास देणारं आणि बिघडलं तर प्रवासच थांबवणारं. पहिल्या गटाला शक्य तेवढी कमी जागा द्यावी. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक बिघाडाचा उपाय मात्र जवळ असलाच पाहिजे. सुदैवाने यांतले बहुतेक उपाय मुठीत मावतात.

सर्वात मोलाचा तुकडा म्हणजे डिरेल्युअर हँगर. मागचा गिअर बदलणारी यंत्रणा ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या कानाला अडकवलेली असते, तो हा भाग. तो जाणूनबुजून मऊ ठेवलेला असतो. सायकल दगडावर आपटली की आधी तो वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी, ही त्यामागची योजना. पण अनेक फ्रेमचे हँगर वेगवेगळ्या आकारांचे असतात, त्यामुळे मोठ्या शहरातही हवा तो मिळेलच असं नाही. म्हणून आपल्या फ्रेमचा जादा हँगर घेऊनच निघावं. तोही कामी आला नाही, तर चेन-कटरने चेन आखूड करून एकाच गिअरवर पुढचं गाव गाठता येतं. चेन जोडायची कडीही, म्हणजे क्विक लिंक, आपल्याच गिअरच्या मापाची हवी. अकरा गिअरची कडी नऊ गिअरच्या चेनला बसत नाही.

टायरचं गणित वेगळं. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट बाभळीच्या काट्याचं छिद्र बुजवतं, मोठ्या छिद्रात रबरी प्लग खुपसावा लागतो, आणि बाजूची भिंत फाटली तर या दोन्हींचा उपयोग नसतो. तिथे जाड सुई, मजबूत दोरा आणि आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा हेच कामाचं. वर एक ट्यूब. टेपची वेगळी गुंडाळी न घेता ती पंपाभोवतीच गुंडाळून ठेवावी. चार-सहा केबल टाय आणि कॅरिअर-बाटलीधारकाचे दोन जादा बोल्ट घेतले की दुरुस्तीची पिशवी पूर्ण होते. खडबडीत रस्त्यावर बोल्ट हळूहळू ढिले होतात, म्हणून रोज संध्याकाळी ते एकदा तपासावेत.

आता हीच यादी कोकणात आणली तर ती बदलते. रेवसहून सागरी मार्गाने दक्षिणेकडे जाताना, दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावेची फेरी ओलांडताना, गावं आणि खानावळी लागत राहतात. तंबू, चूल आणि दोन दिवसांचा शिधा घरीच राहू द्या. मात्र महागड्या सायकलीच्या अरुंद प्रेस्टा व्हॉल्व्हला गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी बसत नाही. काही ग्रॅमचा पितळी अ‍ॅडॉप्टर जवळ असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक पंक्चरवाला तुमचा मदतनीस होतो. खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते, तेव्हा तेलाची छोटी बाटली हवी. पावसाळी घाटात जांभ्याचा लाल चिखल डिस्क ब्रेकचे पॅड भराभर झिजवतो, आणि तुमच्या मापाचे पॅड वाटेत मिळण्याची शक्यता कमी. ते सोबत असावेत.

स्पितीत यादी पुन्हा पालटते. लोसरहून कुंझुम खिंड ओलांडून बातलकडे उतरताना गरम कपडे आणि जादा अन्न यांना पर्याय नाही. मोबाइलसाठी पॉवर बँक पुढच्या विजेच्या ठिकाणापर्यंत पुरेल एवढी हवी. पुढच्या चाकातला डायनामो साधारण तीन वॅट वीज देतो. पण चढावर वेग मंदावला की तीही घटते, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ साली तो पूर्ण केला. त्या काळी तयार यादी देणारं कोणी नव्हतं. आज बाजार प्रत्येक गरजेसाठी एक वस्तू पुढे करतो, आणि त्यातूनच नवख्याची पिशवी फुगते. त्यावर उपाय साधा आहे. वाटेचा नकाशा समोर ठेवून दुकानं, पाणी, वीज आणि दुरुस्तीची ठिकाणं त्यावर मांडावीत. दोन ठिकाणांमधल्या सर्वात मोठ्या रिकाम्या टप्प्यात काय तुटलं तर आपण अडकू, ते लिहून काढावं आणि त्याच्या उपायाला पिशवीत पहिली जागा द्यावी. मग घराच्या अंगणात प्रत्येक उपाय स्वतःच्या हातांनी करून पाहावा: चेन तोडून जोडावी, हँगर बदलावा, टायर शिवावा. जे हातांना जमतं ते बांधून घ्यावं, आणि जे जमत नाही ते निघण्याआधी शिकून घ्यावं.