मनाच्या वहीचा ताळेबंद

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत चिखला हे खाणीचे गाव आहे. येथील भूमिगत खाणीतून मँगनीजचे खनिज काढले जाते. पोलाद निर्मितीसाठी आवश्यक असलेले हे खनिज दिसायला काळपट असते. परंतु व्यवहारात त्याच्या रूपावरून कोणी भाव ठरवीत नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो, त्यातील मँगनीजचे प्रमाण शेकडा किती हे तपासले जाते आणि मगच दर निश्चित होतो. दगडाला मिळणारा हा न्याय माणसाला मात्र नेहमी मिळतोच असे नाही.

खाणपट्ट्यातील असो वा शहरातील, एखाद्या दुकानात घडू शकणारा साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. साठीचा एक गोंड गृहस्थ पायरी चढतो. गल्ल्यावरून प्रश्न येतो, "काय पाहिजे रे?" पाठोपाठ इस्त्रीच्या कपड्यांतील, उजळ वर्णाचा विशीतला तरुण येतो. त्याच गल्ल्यावरून शब्द येतात, "या साहेब, बसा." दुकानदार दुष्ट नाही. तो नित्य सामायिक करतो, पाखरांना दाणे घालतो, पांजरापोळाला देणगी देतो. त्याने भेदभाव केला असे कोणी म्हटले, तर त्याला मनापासून वाईट वाटेल. कारण आपण काही वेगळे वागलो हे त्याच्या लक्षातच आलेले नसते. नकळत बाळगलेला पूर्वग्रह म्हणतात तो हाच.

आपल्या अंगणातील वर्णभेद

वर्णभेद म्हटला की अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिका आठवते. परंतु त्वचेचा रंग, बोलण्याची ढब, आडनाव आणि पाड्याचे नाव यांवरून माणसाची किंमत ठरविणे हा त्याचाच घरगुती अवतार होय. "त्यांना हिशेब काय कळणार?" हे वाक्य त्यातूनच जन्मते. विवाहाच्या परिचयपत्रातील 'वर्ण गोरा' हा रकानाही त्यातलाच. 1975 साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द 2020 मध्ये वगळण्यात आला. परिचयपत्रातील रकाना मात्र अनेक घरांत अजून कायम आहे.

इतिहास पाहिला तर या समजुतींचा पाया किती पोकळ आहे ते कळते. नागपूर शहराच्या उभारणीचे श्रेय देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांना दिले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांना आपल्या राज्यात वसण्यास उत्तेजन दिले. तुमसरजवळचा आंबागड किल्ला त्यांच्याच राजवटीची खूण आहे. ज्या भूमीवर आज पेढ्या उभ्या आहेत, तेथे व्यापाऱ्याचे स्वागत करणारा राजा गोंड होता, याचे स्मरण "काय पाहिजे रे?" म्हणताना राहत नाही.

शास्त्र काय सांगते

अशा पूर्वग्रहाचे मोजमाप करणारी एक चाचणी 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. संगणकाच्या पडद्यावर चेहरे आणि चांगले-वाईट शब्द झपाट्याने येतात. त्यांच्या जोड्या लावताना कोणत्या जोडीला अधिक वेळ लागतो, यावरून मनातील ओढ उघड होते. या संशोधनातील एक अग्रणी, सिकंदराबादेत वाढलेल्या प्राध्यापक महजरीन बानाजी यांनी स्वतः ही चाचणी दिली, तेव्हा त्यांच्याही मनात पूर्वग्रह आढळला आणि तो त्यांनी जाहीरपणे मान्य केला. एका व्यक्तीच्या वर्तनाचे भाकीत या चाचणीवरून कितपत करता येते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु सद्हेतू आणि पूर्वग्रह एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हा तिचा बोध मोलाचा आहे.

मनाचे राहू द्या. व्यवहारातील पुरावा अधिक बोलका आहे. अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठविण्यात आले. फरक होता तो केवळ नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढील बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश इतकीच निघाली. अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण अन्याय करतो आहोत असे वाटले असेल?

मदाची ओळख

जैन परंपरेला हा विकार अपरिचित नाही. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात आठ मद सांगितले आहेत. त्यांत कुळाचा मद, जातीचा मद आणि शरीराचा, म्हणजेच रूपाचाही मद आहे. सम्यग्दर्शन लाभलेला चांडाळही देवतुल्य होय, असे तेच आचार्य सांगतात. श्वेतांबर आगमांपैकी 'उत्तराध्ययन सूत्रा'च्या बाराव्या अध्ययनात चांडाळ कुळात जन्मलेल्या हरिकेशबल मुनींची कथा आहे. यज्ञमंडपात भिक्षेसाठी गेलेल्या या तपस्व्याचे मलिन रूप पाहून त्यांना हिणवले जाते, मारहाणही होते. अखेर मारणाऱ्यांनाच क्षमा मागावी लागते. कथा ऐकणारा प्रत्येक श्रावक मुनींच्या बाजूने असतो. तोच श्रावक दुकानात कोणाच्या बाजूने असतो, हे तपासण्याचे धैर्य मात्र दुर्मीळ आहे.

ते धैर्य एका जैन विद्यार्थ्याने दाखविले होते. कुंभोज येथे 1887 साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. स्नानाची सक्ती करणारेही धर्मनिष्ठच होते. रूढी आणि धर्म यांतील अंतर त्यांना दिसले नाही, एवढेच.

ताळा कसा करावा

व्यापारी माणूस स्मरणशक्तीवर विसंबून नफा-तोटा ठरवीत नाही. तो वही उघडतो. येथेही तोच मार्ग उपयोगी आहे. उधारी कोणाला दिली, कोणाला नाकारली आणि प्रत्यक्षात कोणी थकविली, याची मागील तीन वर्षांची नोंद समोर ठेवावी. "हे लोक पैसे बुडवतात" हा समज आकड्यांवर टिकतो का, हे पाहावे. नोकर नेमताना उमेदवार येण्यापूर्वीच प्रश्न आणि निकष कागदावर लिहावेत आणि सर्वांना तेच लावावेत. कामगार असो वा कंत्राटदार, वडीलधाऱ्या माणसाला 'तुम्ही'च म्हणावे. परिचयपत्रातील वर्णाचा रकाना काढून टाकावा. एका दिवसाच्या शिबिराने मन पालटत नाही. नियम आणि सवय बदलली की मन हळूहळू मागे येते.

घाऊक शिक्क्याचे दुःख व्यापारी समाजालाही ठाऊक आहे. 'शेठ म्हणजे लबाड' हे ऐकताना प्रामाणिक दुकानदाराला जे वाटते, तेच "हे लोक असेच" ऐकताना खाणकामगाराला वाटते.

प्रतिक्रमण हा दोषांचा रोजचा ताळेबंदच आहे, मात्र त्यात नोंद न केलेली रक्कम जमेस धरता येत नाही. पर्युषणानंतर 'मिच्छामि दुक्कडम्'चे संदेश नातलगांना, व्याह्यांना आणि व्यापारी मित्रांना आवर्जून जातात. गोदामातील हमालाला, घरकाम करणाऱ्या बाईंना, महिन्याचा किराणा नेणाऱ्या खाणकामगाराला ते क्वचितच जातात. क्षमा जर चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची मागायची, तर पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला वगळता येणार नाही. यंदाच्या संवत्सरीला प्रत्येक पेढीने आपल्या यादीत त्याचे नाव पूर्ण आणि आदरार्थी लिहावे. ते नाव ठाऊक नसेल, तर आधी त्यालाच विचारावे.