काडतुसाचे घर

आमच्या वाशी भागात ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांची धास्ती सुरू होते. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची आजोबांच्या काळातली एकनळी बंदूक काही घरांत अजून आहे, आमच्या भावकीतही एक आहे. म्हणून हा विषय निवडला.

नळीच्या मागच्या टोकाला काडतुसापुरती रुंद जागा असते. तिला आपण काडतुसाचे घर म्हणू. पुढे ती निमुळती होत नळीला मिळते. घराची लांबी मोजतात ती बार उडून तोंड उलगडलेल्या काडतुसाची. खोक्यावर छापलेली लांबीही तीच. भरलेले काडतूस, तोंड दुमडल्यामुळे, त्याहून आखूड दिसते आणि घोटाळा इथेच होतो.

४१० या बारीक बंदुकीची जुनी घरे २ इंचांची, मग २.५ इंचांची झाली. १९३३ साली अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने ३ इंची काडतूस आणले. ते २.५ इंची घरात बरेचदा मुकाट बसते! पण बार उडताना उलगडणारे तोंड निमुळत्या भागात शिरून वाट अडवते. शिवाय त्यात छर्रेही जास्त. दाब वाढतो, आणि नळी तर काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते.

पोलिसांच्या '४१० मस्कट'ची गोष्ट उलटी. ईशापूरच्या कारखान्यात ती .३०३ रायफलीपासून बनवली. तिचे काडतूसही .३०३ च्या पितळी टोपणावरचे, त्यामुळे बाजारातले ४१० तिच्यात बसतच नाही. नाव एक, घर वेगळे.

जुन्या नळीवर घराची लांबी नेहमी कोरलेली नसते. ती परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावी आणि मगच काडतुसे आणावीत.