रूट कुणाला मिळतो? : ओतोमे गेम, ‘मित्राची गोष्ट’ आणि तुमचा संशोधन-प्रश्न

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. एम.ए. मराठी झालंय, पेट पास झालीय, आता सिनॉप्सिस लिहायचाय. विषय तिने ठरवलाय : जुन्या काळात घडणाऱ्या प्रेमकथांमधली समलिंगी नाती. तिला दोन भीती होत्या. पहिली तिने मोठ्याने सांगितली, “ताई, समितीने विचारलं की त्या काळी असं होतं का, तर काय सांगू?” दुसरी फोन ठेवता ठेवता, आवाज खाली करून : “हा विषय घेतला तर लोक माझ्याबद्दल काय समजतील?”

तिला विचारूनच हे लिहितेय. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि अहेरीसारख्या गावात दुसरा जास्त खरा आहे. इथे तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात कुठल्या पानांची झेरॉक्स काढली, तेही दोन दिवसांत घरी कळतं. पण आधी पहिला प्रश्न घेऊ, कारण त्याचं उत्तर नीट सापडलं की दुसऱ्याशी लढायला थोडं बळ येतं.

आधी, ओतोमे म्हणजे काय?

उत्तर समजावायला मी एका वेगळ्याच ठिकाणाहून सुरुवात करते, जपानी गेमपासून. हसू नका. कथेची रचना उघडी करून दाखवायला यापेक्षा सोपं साधन मला मिळालेलं नाही.

‘ओतोमे’ म्हणजे जपानीत तरुण मुलगी. ओतोमे गेम ही मुलींसाठी केलेली प्रेमकथा असते. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, आणि मधेमधे तुम्हाला निवड करायची : त्याच्यासोबत जायचं की घरी थांबायचं? खरं बोलायचं की लपवायचं? या प्रकारातला पहिला गेम ‘अँजेलीक’ १९९४ साली आला. कोएई कंपनीतल्या ‘रुबी पार्टी’ या मुख्यतः स्त्रियांच्या गटाने तो केला होता.

यातला कळीचा शब्द आहे ‘रूट’. नायिका एक, पुरुष पाच-सहा. तुमच्या निवडींप्रमाणे गोष्ट त्यातल्या एकाच्या वाटेला लागते. तीच त्याची रूट. त्या वाटेवर त्याचा भूतकाळ कळतो, त्याची भीती कळते, आणि शेवटी चांगला किंवा वाईट शेवट मिळतो. पण गेममध्ये अशीही पात्रं असतात जी दिसतात, बोलतात, आवडतातही, पण त्यांना रूट नसते. त्यांच्यावर प्रेम करता येत नाही. लिहिणाऱ्याने तो रस्ताच बांधलेला नसतो.

हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे.

इतिहासाने दार बंद केलं की लेखनप्रकाराने?

२००८ साली आलेला ‘हाकुओकी’ हा गाजलेला ऐतिहासिक ओतोमे गेम घ्या. काळ १८६० च्या दशकाचा, जागा क्योतो. चिझुरू युकिमुरा ही मुलगी बेपत्ता वडिलांना शोधायला मुलाच्या वेशात निघते आणि शिन्सेनगुमी या खऱ्याखुऱ्या समुराई पथकाच्या हाती लागते. पुढे त्यातल्या पुरुषांच्या रूट. वेश पुरुषाचा असला तरी ती मुलगी आहे हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असतं आणि पथकातल्या प्रमुख मंडळींनाही लवकरच कळतं. त्यामुळे शेवट प्रत्येक वाटेवर स्त्री-पुरुष प्रेमाचाच.

आता कुणी म्हणेल, “बरोबरच आहे, त्या काळी दुसरं काही नव्हतंच ना!”

थांबा. याच पथकावर, याच दशकावर नागिसा ओशिमा यांनी १९९९ साली ‘गोहात्तो’ हा चित्रपट केला. शिबा र्योतारो यांच्या कथांवर बेतलेला. त्याचा विषयच आहे पथकात आलेल्या एका देखण्या तरुणावर इतर पुरुषांचं जडलेलं मन. आणि सुमारे पावणेदोनशे वर्षं मागे गेलात तर १६८७ साली इहारा सायकाकू याने पुरुषांमधल्या प्रेमावर चाळीस कथांचा अख्खा संग्रह छापलेला सापडतो. त्यातल्या निम्म्या कथा समुराई जगातल्या आहेत.

म्हणजे तोच काळ, तीच माणसं, पण एका कलाकृतीत वाट आहे आणि दुसरीत नाही. मग वाट इतिहासाने बंद केली का? नाही. ती बंद केली लेखनप्रकाराने, म्हणजे हा गेम कुणासाठी आहे, त्यातून काय मिळेल असा वायदा आहे, या हिशेबाने. यात वाईट काही नाही. फक्त ‘त्या काळी नव्हतं’ हे कारण खोटं पडतं.

समितीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. ‘त्या काळी असं होतं का’ हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याला पुरावा लागतो. ‘या कथेने ते दाखवलं का, आणि किती’ हा साहित्याचा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देऊ नका.

आता आपल्याकडे या

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. नाटक घडतं मात्र स्वातंत्र्यापूर्वीच्या, १९४० च्या आसपासच्या पुण्यात, कॉलेजात. म्हणजे तेंडुलकरांनी गोष्ट चाळीस वर्षं मागे नेली. तुमच्या-माझ्या अर्थाने ही ‘जुन्या काळातली प्रेमकथा’च आहे.

सुमित्राला सगळे मित्रा म्हणतात. ती आपल्याला पुरुषांबद्दल ओढ नाही हे बापूला सांगते. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाचं काम करते, समोर नायिका असते नमा, आणि मित्रा नमाच्या प्रेमात पडते. नमावर हक्क सांगणारा मन्या दळवी आहेच. बापू दोघींना भेटायला आपली खोली देतो. पुढे सगळं विस्कटतं, बापूही दूर होतो, आणि मित्राचा शेवट मृत्यूत होतो.

आता ‘हाकुओकी’शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मुलगी पुरुषाच्या वेशात आहे. चिझुरूचा वेश उतरला की खाली सगळ्यांच्या ओळखीची प्रेमकथा निघते. मित्राचा वेश मात्र नाटक संपल्यावर उतरतो आणि भावना तशीच राहते. म्हणजे वेशाने तिला लपवलं नाही, उलट दाखवून दिलं. एकच युक्ती, दोन उलटी कामं.

आता रूटचा प्रश्न विचारा. या नाटकात पूर्ण वाट कुणाला आहे? गोष्ट सांगतो बापू. मित्रा आपल्याला दिसते ती बहुतेक बापूच्या नजरेतून. आणि नमा? तिला काय हवं होतं हे आपल्याला धड कळतच नाही. ओतोमेच्या भाषेत, नमा ही रूट नसलेली नायिका आहे. नाटकाचं नावच बघा. ‘मैत्रिणीची गोष्ट’ नाही, ‘मित्राची गोष्ट’. ‘मित्रा’ या मुलीची गोष्ट, आणि ‘मित्र’ या पुल्लिंगी शब्दाचीही तीच षष्ठी. मग मित्र कोण? मित्रा, की तिची गोष्ट सांगणारा बापू? मराठीत हा घोळ मुद्दाम उघडा ठेवता येतो.

आणि शेवट? गेममध्ये वाईट शेवट आला तरी शेजारी चांगला शेवट असतो. खेळणाऱ्याला माहीत असतं की तिसऱ्या निवडीला आपण चुकलो. नाटकात शेवट एकच. म्हणून कितीतरी वाचक समजतात की मित्राचं दुसरं काही होऊच शकलं नसतं. पण नाटक नीट वाचा आणि निवडीच्या जागांवर पेन्सिलीने खूण करा. तुम्हाला दिसेल की त्यातल्या बऱ्याच निवडी मित्राच्या नाहीतच. त्या बापूच्या आहेत, नमाच्या आहेत, मन्याच्या आहेत. ही शोकांतिका तिच्या स्वभावातून आली की इतरांच्या निवडींमधून? हा झाला संशोधनाचा प्रश्न.

पंचवीस वर्षांनी दोन वाटा

२००६ साली सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली. भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघंही घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच माणसावर प्रेम करतात. कादंबरीचे दोन भाग : आधी तनयचं निवेदन, मग अनुजाचं. ही अक्षरशः दोन रूटची रचना आहे. माणूस तोच, घर तेच, वाटा दोन. आणि तनयची वाट अनुजाच्या वाटेइतकीच पूर्ण आहे. त्याला मधे कुणी बापू लागत नाही, आणि आपली वाट संपवायला मरावंही लागत नाही.

कलम ३७७ मधला संमतीने ठेवलेल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. कादंबरी त्याच्या बारा वर्षं आधीची. म्हणजे कायदा बदलण्याची वाट साहित्याने बघितली नाही. ‘समाज बदलला म्हणून साहित्य बदललं’ असं एका ओळीत लिहून मोकळं होण्याआधी ही तारीख आठवा.

मराठीची स्वतःची अडचण

आता एक गंमत, जिच्यावर कुणीतरी खरंच काम करायला हवं. ‘हाकुओकी’ मराठीत आणायचं ठरवलं तर? जपानी क्रियापदात बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. मराठीत चिझुरूने तोंड उघडलं की प्रश्न : “मी आलो” की “मी आले”? चारचौघांत ‘आलो’ आणि मनात ‘आले’ असं करावं लागेल. म्हणजे वेश कपड्यात न राहता क्रियापदात येईल.

पण वाटही मराठीतच आहे. ‘मी येईन’, ‘मी पत्र वाचलं’, ‘मला तो आवडतो’ या वाक्यांत बोलणारा पुरुष की स्त्री, कळत नाही. भविष्यकाळ, सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आणि ‘मला’ची रचना वापरून बराच काळ लिंग झाकून ठेवता येतं. शिवाय कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, म्हणजे प्रमाण मराठीचा नियम सगळ्या मराठीचा नाही. तुमच्या कथेत लेखकाने कुठे ‘आलो’ लिहिलंय आणि कुठे टाळलंय, नुसती मोजणी केली तरी एक प्रकरण उभं राहतं.

एक सावधगिरी, आपल्याच भागातली

वेशाबद्दल वाचलं की आपल्याकडच्या मुलांना लगेच दंडार आठवते. दंडारीत बायांची कामं पुरुषच करत आलेत. झाडीपट्टी रंगभूमीला आज मान आहे : दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र आहे, आणि २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्रीही मिळाली. म्हणून कुणी लिहितं, ‘आमच्याकडे समलिंगी परंपरा होतीच, बघा दंडार.’ असं लिहू नका. लुगडं नेसून काम करणं ही कला आहे, ती त्या कलावंताच्या खाजगी आयुष्याचा पुरावा नाही. उलटही खरं : त्यात काही असूच शकत नाही, असंही म्हणता येत नाही. जे दिसतं तेवढंच लिहा : प्रेक्षक ते रूप कसं स्वीकारतात, कुठे हसतात, कुठे गप्प होतात.

आता दुसरी भीती

लोक काय समजतील? मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

एक : विषय छापील संहितांवर ठेवा. नाटक, कादंबरी, गेम हे सगळं सार्वजनिक आहे. त्यावर बोलायला तुमचं खाजगी आयुष्य कुणाला सांगावं लागत नाही. ‘हा विषय का निवडला’ याचं उत्तर ‘या संहितांवर मराठीत हा प्रश्न पुरेसा विचारलेला नाही’ एवढं पुरे. बलुतेदारीवर संशोधन करणाऱ्याला कुणी ‘तू कोणत्या घरचा’ विचारलं तर आपल्याला खटकतं ना? इथेही खटकू द्या.

दोन : गावातल्या माणसांच्या मुलाखती पहिल्याच कामात घेऊ नका. लहान गावात नाव बदलून भागत नाही. ‘अहेरीतला एक शिक्षक’ एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. तुमच्या प्रकरणापेक्षा त्याची नोकरी आणि त्याचं घर मोठं आहे.

तीन : सिनॉप्सिसमध्ये ‘होतं का?’ असा प्रश्न ठेवू नका. ‘कथेने कुणाला पूर्ण वाट दिली, कुणाला अर्धी, कुणाला दिलीच नाही, आणि हे ठरवलं कुणी?’ असा ठेवा. याला पुरावा संहितेतच सापडतो. समितीलाही तो संहिता उघडून दाखवता येतो.

तिने काल सिनॉप्सिसचा पहिला मसुदा पाठवला. शीर्षकात ‘समलिंगी’ शब्द होता, नंतर खोडलेला, नंतर वर परत लिहिलेला. मी त्यावर काही खूण केली नाही. ती निवड तिची आहे. फक्त दुसऱ्या पानावर नमाबद्दल एकच ओळ होती, तिथे समासात लिहिलं : ‘हिला काय हवं होतं? नाटक पुन्हा वाच.’