आलो असं वाटणं आणि येऊन पोचणं



मेहकरहून रात्रीच्या एस.टी.नं जानेफळला येताना माझं एकदा असं झालं. पाऊस होता, काचेबाहेर काळोख. गाव आलं या खात्रीनं पिशवी घेऊन दाराशी गेलो. कंडक्टर म्हणाला, "सर, बसा. अजून वेळ आहे." बसलो. माझी चूक तेवढ्यावर भागली. आज ज्या अपघाताबद्दल बोलायचंय, त्यात याच जातीच्या चुकीनं ९४ माणसं गेली.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून निघालेलं अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. ते जुन्नरजवळच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फुटांवर आदळलं. मुंबई तिथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. एकही जण वाचला नाही.

रात्री, ढगांतून उतरताना वैमानिकाला जमीन दिसत नाही. तो उपकरणांवर विसंबून उतरतो. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून दिशा आणि ठिकाण ताडायचं, हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रावरून उंची वाचायची. मात्र हे यंत्र साधारणपणे समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं. खाली समुद्र आहे की सह्याद्री, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणजे उंचीचा आकडा बरोबर असूनही, आपण कुठे आहोत हे चुकलं तर तो आकडा घात करतो. ताशी ४०० किलोमीटर वेग धरला, तर मिनिटाला साडेसहा किलोमीटरहून जास्त अंतर मागे पडतं. थोड्या मिनिटांचा हिशेब चुकला की घाटाचा डोंगर मध्ये येतो.

चौकशीचा निष्कर्ष काय होता? वैमानिकाला आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो असं वाटलं आणि तो वेळेआधी खाली आला. ठिकाण पडताळायची साधनं हाताशी होती, ती वापरली गेली नाहीत. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली गेली. शिवाय या मार्गावरच्या डोंगरांची त्याला माहिती नव्हती.

आता माझ्या विषयाकडे येतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त चुकीच्या ज्ञानाचे जे प्रकार दिलेत, त्यांत संशय आणि विपर्यय हे दोन आहेत. लांबून दिसतंय ते खांब की माणूस, हा संशय. शिंपल्याला चांदी समजणं, हा विपर्यय. संशय आला की माणूस थांबतो, विचारतो. विपर्ययात माणसाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो विचारतच नाही. मला त्या रात्री एस.टी.त शंका नव्हती, खात्री होती. म्हणूनच मी कंडक्टरला विचारलं नाही.

किमान सुरक्षित उंचीचा नियम मला इथे महत्त्वाचा वाटतो. तो वैमानिकाच्या ज्ञानावर विसंबत नाही. तुझी खात्री चुकलेली असेल तरी तू वाचावास, म्हणून तो केलाय. मोठं जेट असो की चार माणसांचं छोटं विमान, नियम तोच. असा नियम नेमका तेव्हाच मोडावासा वाटतो, जेव्हा आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटत असतं.

तेव्हा खात्री वाटली, की दुसरं एखादं प्रमाण मागावं. दोन्ही जुळेपर्यंत खाली उतरू नये.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.